पाटा

तो पाटा माझा नव्हता, हे आधी सांगून टाकते.

जीपवरच्या भोंग्यातून पोरं ओरडत गेली:
सगळे मुसलमान, दोन दिवसांत गाव सोडा.
आमचीच पोरं. त्यातल्या एकाला मी अंगावर पाजलं होतं,
त्याची आई तापानं फणफणली होती तेव्हा.
कुंपणाच्या ताडपानांआडून मी पाहिलं:
पात्तुम्मा होडीकडे चाललेली, काखेत जेसीमा,
मागे मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या.
मी हाक मारली नाही.
घसा सुकला होता, असं बावीस वर्षं सांगत आले.

तिसऱ्या दिवशी लोकांनी दारं नेली, कौलं नेली.
मी उशिरा गेले. पाटा तेवढा उरला होता.
कुगननं आणि मी तो गोणपाटावरून ओढत आणला.
कुणीतरी नेलाच असता.

त्यावर धणे वाटले, मिरची, ओलं खोबरं.
कुगनच्या लग्नाचं वाटण करायचं राहिलं,
त्याच्या एकतिसाव्या दिवसाचं केलं.
मग आमच्यावरही पळायची पाळी आली.
तारेच्या कुंपणातली छावणी, रांगेत पाणी, रांगेत संडास.
परतलो तर घर नव्हतं, विहिरीत ट्रकचं टायर,
आणि वाळूखाली पाटा, जसाच्या तसा.
दगडाला कुणी हाकलत नाही.

आता ते पुत्तलमहून परत येऊ लागले.
शाळेत बैठक झाली. संस्थेच्या मुलीनं
कागदावर दोन वर्तुळं काढली, एकमेकांत अडकलेली.
माझा दीर म्हणाला, त्यांना पत्रे आधी कसे मिळाले?
पलीकडून कुणी म्हणालं, आमच्या माडांच्या
बावीस वर्षांच्या नारळांचा हिशोब कोण देणार?
बिस्किटं मऊ पडली होती.
शेवटी टाळ्या वाजल्या, कशाला ते कळलं नाही.

जेसीमा पाण्याला आली, तिच्या विहिरीचं खारट झालेलं.
कळशी खाली ठेवली आणि पाट्याशी बसली.
कोपऱ्यात एक टवका उडालेला आहे.
त्यात तिनं अंगठा घातला, बरोबर बसेल असा.
म्हणाली, आई जाईपर्यंत ही खूण सांगायची.
मला म्हणायचं होतं बरंच काही.
तोंडातून आलं, "ने."

तिचे दोघे दीर आले, पहार, दोरखंड घेऊन.
पाट्याखालची जमीन ओली, पांढरे किडे सैरावैरा.
मी झाडून घेतलं, आणि मग माझं डोकं फिरलं.
तिची वस्तू तिला मिळाली.
माझा कुगन मी कुणाच्या अंगणात शोधू?
त्या दिवशी चूल पेटवली नाही.

पहाटे कुंपणापलीकडे वाटणाचा आवाज.
कानाला कळत होतं, वरवंटा घसरतोय.
चार दिवस ऐकून घेतलं.
पाचव्या दिवशी तीच ताडपानांजवळ आली:
"अक्का, वाटण सगळं एका कडेला का जातं?"
"मी डावखुरी आहे," म्हटलं, "बावीस वर्षांत
डावीकडून झिजलाय. टाकवून घे."
"टाकीवाला कुठे मिळतो आता?"

बापाची छिन्नी होती माझ्याकडे.
त्या तिसऱ्या दिवसानंतर पहिल्यांदा
मी त्या अंगणात पाय ठेवला.
ती पोराच्या डोळ्यांवर पदर धरून बसली,
मी ठोकत राहिले. ठिणगी उडायची, भुकटी उडायची,
बोलायची सोय नव्हती, बरंच होतं.
"खळगा पुरता जायचा नाही," मी म्हणाले.
ती म्हणाली, "माहीत आहे."
कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी कुंपणावरून वाटी आली,
माशाचं कालवण, वर झाकलेलं पान.
मीठ जास्त झालं होतं.
ते मात्र मी लगेच
हाक मारून सांगितलं.